राजाक्का, तो प्रश्न मला ऐकू आला होता

राजाक्का, गिरण रिकामी फिरायला लागली की तिचा आवाज बदलतो, हे तुम्हीच आम्हाला सांगितलेलं. दाणा संपला की दगडावर दगड घासतो आणि कानात कुणी पत्रा ओढल्यासारखं होतं. तुम्ही तो आवाज कधी होऊच द्यायच्या नाही. त्या दिवशी सकाळी मी घरात ब्लाउजला हुका लावत बसले होते आणि तो आवाज आला. मी बसल्या जागेवरनंच ओरडले, "अक्का, गिरण मोकळी हाय!" तुम्ही काही बंद केली नाही. मग मी हातातलं टाकून पळत आले. तुम्ही शेवंताकाकीच्या जोंधळ्याच्या पोत्यावर टेकून बसला होता, भुवयांवर रोजच्यासारखं पीठ. मी आधी बटण बंद केलं आणि मग तुम्हाला हात लावला. आज त्याला सोळा दिवस झाले.

पेपरात चार ओळींची बातमी आली, 'ज्येष्ठ सामाजिक कार्यकर्त्या' म्हणून. तुम्हाला कुणी कार्यकर्त्या म्हटलं की तुम्ही मागं वळून बघायच्या, दुसरं कोण आलंय का म्हणून. त्या चार ओळींत तुम्ही कुठंच सापडला नाही मला. पल्लवी म्हणाली, आई, तूच लिही. पोरगी कॉलेजात जायला लागल्यापासनं मला शिकवते. लिहिताना आपल्या गल्लीतल्या बायका बोलतात तसं 'मी म्हणालो' लिहायचं नाही, 'म्हणाले' लिहायचं, म्हणते. म्हणून 'म्हणाले' लिहिते. तुमच्यापुढं मी जन्मभर 'म्हणालो'च म्हणाले आणि तुम्हीही 'मी येतो की गं' असंच म्हणत आलात.

आपल्या नदीकाठच्या गल्लीत चाळीस घरं आणि एक गिरण. तुमचं माहेर हातकणंगल्याकडचं, जैनाचं, शेतीवाडी असलेलं. मालक गेल्यावर भाऊ न्यायला आलते, तर तुम्ही त्यांना म्हणाला होता, "मी गेल्यावर हितलं दळण कोण दळंल?" भाऊ जेवून परत गेले. हे मी तुमच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथं असल्यासारखं वाटतं.

आपली चळवळ म्हणजे तुमची गिरण. मीटिंग असली की तुम्ही भर दुपारी गिरण बंद करायच्या. दिवसभर चालणारी घरघर थांबली की गल्लीला कळायचं, अक्कानं बोलावलंय. बायका डबे घेऊनच यायच्या. अर्जावर सह्या पाहिजे असल्या की तुमचा नियम ठरलेला, "सही केल्याबिगर पीठ न्हाय." शेवंताकाकी एकदा चिडली होती. "ही काय दादागिरी हाय ओ!" तुम्ही म्हणाला, "मग जा की, दुसऱ्या गिरणीत. पूल ओलांडून जा." काकीनं सही केली आणि वर तुम्हाला चार शिव्या दिल्या. तुम्ही हसत हसत तिचं दळण जरा बारीकच काढून दिलं.

सरकारी ऑफिसात तर तुमची तऱ्हाच न्यारी. साहेब लोकांना वाटायचं, बायकांना बसवून ठेवलं की कंटाळून जातील. तुम्ही साडेपाच वाजले की साहेबाच्याच टेबलावर डबा उघडायच्या. "दिवस मावळायच्या आत जेवतो मी. तुमचं चालू द्या." एका साहेबानं बिचाऱ्यानं फायली बाजूला सारून जागा करून दिली होती. तुम्ही त्याला शेंगाची चटणी वाढली आणि तो खाता खाता 'बघतो, करतो' म्हणाला. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणाला, "चटणी खाल्ली, आता करंल." केलं काही नाही त्यानं. पण पुढच्या वेळी तोच विचारत होता, आज डब्यात काय आहे.

आणि तुमचा कान. गिरणीच्या आवाजानं तुमचा डावा कान गेला होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पण तुमच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. कुणी जरा मोठ्यानं बोललं की तुमचा पारा चढायचा. "मी काय भैरी हाय?" पल्लवीनं एकदा कानाच्या यंत्राबद्दल विचारलं तर तुम्ही तिच्याशी आठवडाभर बोलला नव्हता. मी सोबत असले की तुमच्या डाव्या बाजूला बसायचं आणि न ऐकू आलेलं उजव्या कानाशी वाकून हळूच सांगायचं, हे आपल्या दोघींत न बोलता ठरून गेलेलं. माझ्यावर तुमचा तेवढा विश्वास होता.

त्या मोठ्या पुरानंतर नोटीस आली. आपली गल्ली पूररेषेत येते, चाळीस घरं माळावरच्या नव्या इमारतींत हलवायची. मला ती नोटीस वाचून बरं वाटलं, अक्का. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. तुम्ही नोटीस हातात घेऊन पहिलं वाक्य बोललात ते वेगळंच होतं. "वरच्या अंगाला बंगलेवाल्यांनी नदीत भराव टाकला, त्यांना कोण उठवंना. पाणी त्यांनी ढकललं, आन् उठायचं आमी?" खरं होतं. मुरमाच्या गाड्या आम्ही सगळ्यांनी बघितल्या होत्या. त्या भरावानंतरच पाणी आपल्या चौकटीपर्यंत यायचं ते माळ्यापर्यंत आलं.

पण मला भरावाचं भांडण नको होतं. मला फक्त पाणी नको होतं. पल्लवीचे दाखले बारा महिने पिशवीत घालून खिळ्याला टांगलेले. शिलाई मशीन दरवर्षी चौघांनी उचलून वर चढवायची, आणि पूर ओसरला की घरात घोटाभर चिखल, कुजका वास. गिऱ्हाइकाचे ब्लाउज चिखलात गेले ते मी धुऊन वाळवून परत दिले आणि एकीनंही ते घेतले नाहीत. मी तुम्हाला म्हणायची, "अक्का, हितनं सुटाय पायजे." तुम्ही म्हणायच्या, "सुटून कुठं? तितं बस हाय का?" इथंच आपलं भांडण सुरू व्हायचं आणि इथंच अडकायचं.

बस. तुमचं सगळं त्या बसवर येऊन थांबायचं. मला वाटायचं, बाई खुळीच हाय, घर देत्यात आणि ही बस मागते. मग तुम्ही आम्हाला त्या माळावर नेलंत. "चालून बघायचं. कागदावर लांबी कळत न्हाय," म्हणाला. नऊ जणी गेलो. प्रत्येकीनं रोजचं ओझं घ्यायचं, अशी तुमची अट. काकीनं भाजीची पाटी घेतली. मी कापडाचं गाठोडं. तुम्ही दहा किलो पिठाची पिशवी. शहराची बस फाट्यावर उतरवून वळून गेली आणि पुढं पाऊण तास चाललो. सावलीला एक झाड नाही. वडापवाला जीप थांबवून म्हणाला, "कुठं निघाला, पावणं? बसा की." तर तुम्ही त्याला हाकलून लावलंत. "आज चालायचंच हाय."

इमारतींच्या मागं कचरा डेपो धुमसत होता. तिथं आधी आणून टाकलेली काही घरं होती. एक बाई पाण्याच्या घागरीवर फडकं बांधत होती. तुम्ही विचारलं, कशाला गं? ती म्हणाली, "राख पडती. आन् बोअरचं पाणी पिवळं येतंय." तिची सून डिलिव्हरीला निघाली आणि फाट्यापर्यंत पोचायच्या आत वाटेतच बाळ गेलं, ते तिनं सांगितलं आणि काकीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. परत येताना तुम्ही माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "पुरात वर्षातनं आठ दिस मरायचं का हितं रोज?" मला राग आला. पुराचे आठ दिवस तुम्ही इतक्या सहज म्हणाला म्हणून.

आता ते सांगते, जे सांगायला बसलेय.

सुनावणीचा दिवस. 'हरकती व सूचना' म्हणून पाटी लावलेला मोठा हॉल. सकाळी बोलावलं आणि आपल्या गल्लीचा नंबर दिवस मावळताना आला. तुम्ही खिडकीपाशी बसून नुकताच डबा संपवला होता. मी तुमच्या डाव्या बाजूला. वर पंखा खडखडत होता, माइक घुमत होता. शिपाई चहाचा ट्रे घेऊन रांगेतनं फिरत होता. साहेबांनी तुमच्याकडं बघून विचारलं, "आपल्या वस्तीची स्थलांतराला काही हरकत?" तुम्ही मान वळवून उजवा कान माझ्याकडं केला. "काय म्हणत्यात?"

अक्का, मला नीट ऐकू आलं होतं. शब्दन् शब्द.

आणि माझ्या तोंडातनं गेलं, "हरकत न्हाय, साहेब."

आपण दिवसातनं वीस वेळा म्हणतो ते. बसा म्हटलं की हरकत न्हाय, थांबा म्हटलं की हरकत न्हाय. तसंच गेलं म्हणा. पण निघून गेलेला शब्द मला लगेच परत घेता आला असता. साहेबांनी मान डोलावली, क्लार्कनं लिहून घेतलं, तेवढ्या वेळात मी 'न्हाय ओ, चुकलं' म्हणू शकले असते. मला घागरीवर फडकं बांधणारी ती बाई दिसली, आणि माझी चिखलातली मशीन पण दिसली. मशीन जवळची होती. मी गप्प राहिले. तुम्ही परत विचारलं, "काय गं?" तेव्हा शिपाई समोर आला होता. मी म्हणाले, "चहा घेणार का म्हणत्यात. हरकत न्हाय म्हणालो." तुम्ही वैतागलात. "दिवस मावळला की! मला कशाला? तू घे." आणि मी तो चहा घेतला. प्यायले.

महिन्यानं निकालाचा कागद आला. 'उपस्थित रहिवाशांनी हरकत नसल्याचे सांगितले.' गल्लीत बोंबाबोंब झाली. तुम्ही गिरण बंद केली. बायका माझ्याकडं बघायला लागल्या, कारण साहेबांशी बोलले होते मी. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणाला, "तिला काय बोलू नका. चहाचा घोळ झालाय. साहेबानं हरकतीचं विचारलं, पोरगीला वाटलं चहाचं. मीच शेजारी हुतो. मला ऐकू आलं असतं तर घोळ झालाच नसता."

आणि मग तुम्ही तो अर्ज लिहून घेतलात. पल्लवीकडनंच. मी शेजारी बसून काजं करत होते. तुम्ही सांगत होता आणि ती लिहीत होती. 'मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यामुळे प्रश्न समजण्यात चूक झाली. सबब फेरसुनावणी मिळावी.' पल्लवी लिहिता लिहिता थांबली, तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणाला, "लिव की. बघतीस काय?" जी बाई कानाचं नाव काढलं की आठ दिवस बोलायची नाही, तिनं ते कागदावर लिहून खाली अंगठ्याएवढी मोठी सही केली. मग तो अर्ज ह्या टेबलावरनं त्या टेबलावर तीन वर्षं फिरला. दर ठिकाणी तुम्हाला सगळ्यांदेखत विचारायचे, "म्हणजे बहिऱ्या आहात का तुम्ही?" तुम्ही म्हणायच्या, "व्हय." मी डाव्या बाजूला बसलेली असायची.

किती वेळा सांगायला आले मी. दळण घेऊन यायची, डबा ठेवायची आणि उभी राहायची. तुम्ही म्हणायच्या, "काय गं, मुकी झालीस काय?" मी म्हणायची, "बाजरी जरा जाडसर काढा." तीन वर्षांत आमच्या घरी भाकरी थापता येईल असं बाजरीचं पीठ क्वचितच आलं असेल.

तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यात फेरसुनावणीचं पत्र आलं. तुम्ही इतक्या खूश की सगळ्या गल्लीला गूळ-शेंगा वाटल्या. दुपारी पायरीवर आपण दोघीच होतो. मी विचारलं, "अक्का, समजा बस सुरू झाली, डेपो हलला. मग येणार तुमी माळावर?" तुम्ही उरलेल्या शेंगा सोलत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "तुला जायाचं हाय. व्हय का न्हाय?" मी म्हणाले, "तसं न्हाय ओ." तुम्ही म्हणाला, "मग ठीक." आणि उठून गिरण चालू केलीत. तुम्हाला कळलं होतं का, अक्का? तेव्हा कळलं की आधीपासनंच ठाऊक होतं? हे आता मला कोण सांगणार? असल्या वेळी गिरण कशाला चालू करायची माणसानं!

परवा सुनावणी झाली. तोच हॉल. मला जायचं नव्हतं, पण काकी दारात येऊन उभी. "राजाक्का न्हाय तर तूच की आता. चल." साहेब नवे होते. त्यांनी तुमचा अर्ज मोठ्यानं वाचला. 'मला डाव्या कानाने ऐकू येत नाही' ह्या वाक्यापाशी मी उभी राहिले. आवाज निघाला तो तुमच्यासारखा, जरा जास्तच मोठा.

मी म्हणाले, "साहेब, ते वाक्य काढून टाका. अक्कांच्या कानाचा दोष न्हाय. तवा प्रश्न मला नीट ऐकू आलता. मीच हरकत न्हाय म्हणालो, आन् चहाचं खोटं सांगितलं. मला पुराचा वीट आलाय. मला तितनं उठायचं हाय. पण जितं बस न्हाय, प्यायला पाणी न्हाय आन् दाराम्होरं कचरा जळतोय, तितं जायाला माझी हरकत हाय. ही दोन्ही लिवा."

क्लार्क पेन धरून बसला. "बाई, दोन्ही एकदम लिहिता येत नाही. हरकत आहे की नाही, एकच सांगा."

मागं आपल्या बायका बसल्या होत्या. मला वाटलं, आता झिंज्या धरतील. तीन वर्षं ह्यांना मी उन्हातान्हात हिंडवलं होतं. वळून बघायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात शेवंताकाकीचा आवाज आला. "माझं बी तसंच लिवा. दोन्ही." मग तिच्या मागची उठली. मग आणखी एक. अक्का, एकेक करत एकोणीस बायका उठल्या. सगळ्यांना जायचं होतं. सगळ्यांना पुराचा वीट आला होता, आणि त्या माळावर मरायलाही कुणाला जायचं नव्हतं. सगळ्यांचं दोन्ही होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि क्लार्कला म्हणाले, "जसं सांगतायत तसं लिहा." बस सुरू होऊन डेपोचा निकाल लागल्याशिवाय कुणाला हलवायचं नाही, आणि तोवर गावात जवळ जागा मिळते का बघायचं, असं लिहून घेतलंय. पुढं काय होतंय ते होईल. पण लिहिलंय, मी दोनदा वाचून घेतलं, मगच सही केली.

पायऱ्या उतरताना मी काकीला विचारलं, "तुलाबी जायचं हुतं, तर इतकी वर्षं बोलली का न्हाईस?" ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "राजाक्काम्होरं कोण बोलणार बाई? ती ओरडली असती." मला तिचा असा राग आला की वाटलं, इथंच भांडावं. तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि ही असलं बोलते. आणि ती खोटं बोलत नव्हती, म्हणून राग जास्तच आला.

साहेबापुढं कसं उभं राहायचं, अर्जाची पोच कशी मागायची, हाकलल्यावर परत कसं जायचं, हे आम्ही तुमच्याकडनंच शिकलो. परवा मी उभी राहिले ती तुमच्यामुळंच. पण तुमच्यापुढं उभं राहायला आम्ही घाबरलो, चाळीसच्या चाळीस घरं. तुम्हाला वाटायचं, गल्ली तुमच्या मागं आहे. होतीच, अक्का. फक्त तुम्ही कधी वळून विचारलं नाही, आणि आम्ही कधी पदर ओढून थांबवलं नाही. ह्यात तुमचं जास्त चुकलं की माझं, ते मला कळत नाही. मी म्हणणार तुमचं, तुम्ही म्हणणार माझं, मी रडणार, तुम्ही ओरडणार, सगळी गल्ली गोळा होणार.

एवढं एक भांडण माझ्याशी करून जायचं होतं की ओ.